टॅबचा बॅकअप आणि रिस्टोअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचे प्रश्न वाचकांनीच पाठवलेले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत, भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. बहुतेकांकडे अँड्रॉइड टॅब आहेत (सॅमसंग, लेनोवो, शाओमी, वनप्लस वगैरे), म्हणून उत्तरं आधी त्यांना धरून दिली आहेत. आयपॅडवर जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. मेनूंची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. एखादी गोष्ट सापडली नाही, तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर शोधायची जागा असते, तिथे 'बॅकअप' टाइप करा.

१. माझे फोटो गूगल फोटोजमध्ये दिसतात. म्हणजे बॅकअप झालाच ना?

तसं धरून चालू नका. गूगल फोटोज हे ॲप टॅबवरचे आणि क्लाउडवरचे (म्हणजे इंटरनेटवरून गूगलकडे साठवलेले) फोटो एकाच पडद्यावर एकत्र दाखवतं. फोटो 'दिसतो' यावरून तो वर चढलाय की नाही, हे कळत नाही. फोटो उघडा आणि वर सरकवा. खाली माहिती येते, त्यात तो बॅकअप झालाय का ते लिहिलेलं असतं.

दुसरी गोम फोल्डरची आहे. गूगल फोटोज सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर चढवतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड केलेली चित्रं यांची फोल्डरं बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक चालू करावी लागतात. लग्नाचे निम्मे फोटो तर हल्ली नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवरच येतात, आणि नेमके तेच मागे राहतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सिंक आणि बॅकअप एक नव्हेत. वर चढलेला फोटो तुम्ही ॲपमधून डिलीट केला, तर तो टॅबवरून जातो, क्लाउडवरून जातो आणि त्याच अकाउंटच्या फोनवरूनही जातो. बिनमध्ये तो ६० दिवस राहतो (वर न चढलेला फोटो ३० दिवस), मग कायमचा गेला. नातवाने खेळता खेळता दोनशे फोटो उडवले आणि कोणाच्या तीन महिने लक्षात आलं नाही, तर सिंक काही कामाचं नाही. त्यासाठी वेगळी प्रत लागते. ती कशी करायची ते प्रश्न ६ मध्ये आहे.

टॅबवर जागा करायची असेल तर एकेक फोटो डिलीट करू नका. त्याच ॲपमध्ये 'फ्री अप स्पेस' असतं. ते फक्त टॅबवरची प्रत काढतं, क्लाउडवरची ठेवतं.

२. सेटिंग्जमध्ये 'बॅकअप ऑन' आहे. मग त्यात नेमकं काय काय जातं?

अँड्रॉइडच्या बॅकअपमध्ये साधारण या गोष्टी जातात: कोणती ॲप्स टाकली होती त्यांची यादी, ॲप्सचा काही डेटा, टॅबच्या सेटिंग्ज, वायफायचे पासवर्ड, आणि सिमवाला टॅब असेल तर एसएमएस व कॉलची नोंद. गूगल अकाउंटमध्ये सेव्ह केलेले नंबर आणि कॅलेंडर सिंकमधून स्वतंत्रपणे जातात. फोटो गूगल फोटोजमधून जातात.

'काही डेटा' या शब्दांवर बरंच अवलंबून आहे. अँड्रॉइड ६ पासून ॲपचा डेटा आपोआप वर जाण्याची सोय आहे, पण दर ॲपमागे मर्यादा २५ एमबीची आहे. त्याहून मोठा डेटा असेल तर तो जातच नाही. शिवाय ॲप बनवणाऱ्याला ही सोय बंद ठेवता येते. बँकांची ॲप्स सुरक्षेपायी बहुधा तेच करतात. म्हणून गेममधली पातळी, चित्रकलेच्या ॲपमधली चित्रं, एखाद्या साध्या वहीच्या ॲपमधल्या नोंदी या बॅकअपमध्ये आहेत असं गृहीत धरू नका.

स्टायलसने नोट्स काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे दोनदा वाचावं. सॅमसंग नोट्समधल्या हस्तलिखित नोट्स गूगलच्या भरवशावर सोडू नका. त्या ॲपच्या सेटिंगमध्ये सॅमसंग अकाउंटने सिंक चालू करावं लागतं. परीक्षेच्या आधी महत्त्वाच्या वह्यांची पीडीएफ काढून ती ड्राइव्हवर टाकून ठेवलेली बरी.

डाउनलोड फोल्डरमधली कागदपत्रं, पुस्तकांच्या पीडीएफ, रेकॉर्ड केलेली व्याख्यानं यांतलं काहीच या बॅकअपमध्ये आपोआप जात नाही. ओटीटीवर डाउनलोड केलेले सिनेमेही जात नाहीत, ते नव्या टॅबवर पुन्हा उतरवावे लागतात.

३. बॅकअप चालू आहे, पण 'शेवटचा बॅकअप' चार महिन्यांपूर्वीचा दाखवतो. असं का?

आपोआप बॅकअप होण्यासाठी टॅब वायफायवर, चार्जिंगला आणि वापरात नसलेला असावा लागतो, आणि मागच्या बॅकअपला २४ तास उलटलेले असावे लागतात. बऱ्याच घरांत टॅब चार्जिंगला लावून त्यावरच कार्टून चालू असतं, आणि रात्री चार्जर काढताना वायफायचा राउटरही बंद केला जातो. मग या अटी एकत्र जुळतच नाहीत.

उपाय सोपा आहे. सेटिंग्ज, गूगल, बॅकअप या वाटेने जा आणि 'बॅकअप नाऊ' दाबा (सॅमसंगवर 'अकाउंट्स अँड बॅकअप'मध्ये पाहा). तिथेच कोणत्या अकाउंटवर बॅकअप जातोय तेही दिसतं. तेही वाचा. टॅब घेताना दुकानदाराने घाईत बनवून दिलेलं, ज्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही असं अकाउंट तिथे निघण्याचे प्रकार बरेच आहेत. तसं असेल तर आजच आपलं अकाउंट जोडा आणि बॅकअप त्यावर वळवा.

४. आयपॅडवर हे सगळं वेगळं असतं का?

तत्त्व तेच, पद्धत वेगळी. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव, मग आयक्लाउड, मग आयक्लाउड बॅकअप. इथेही वायफाय, चार्जिंग आणि लॉक झालेली स्क्रीन, या तिन्ही गोष्टी लागतात. ॲप्सचा डेटा अँड्रॉइडपेक्षा कितीतरी पूर्ण जातो, हे मान्य करायला हवं. मात्र फोटो, नंबर, नोट्स जर आधीच आयक्लाउडवर सिंक होत असतील तर ते बॅकअपमध्ये पुन्हा धरले जात नाहीत. त्यामुळे बॅकअपचा आकार लहान दिसला तर घाबरू नका.

संगणकावर बॅकअप घेता येतो, ही आयपॅडची मोठी सोय. मॅकवर फाइंडर, विंडोजवर ॲपल डिव्हाइसेस किंवा आयट्यून्स. तिथे 'एन्क्रिप्ट' (म्हणजे पासवर्ड किंवा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं कुलूपबंद करणं) या पर्यायावर खूण करा, कारण सेव्ह केलेले पासवर्ड आणि वायफायची माहिती फक्त एन्क्रिप्ट केलेल्या बॅकअपमध्येच येते. त्यासाठी ठेवलेला पासवर्ड विसरलात तर तो बॅकअप उघडत नाही. आयपॅडवर 'रिसेट ऑल सेटिंग्ज' करून नव्या पासवर्डने नवा बॅकअप घेता येतो, पण जुना गेलाच.

५. 'स्टोरेज फुल' असा निरोप रोज येतो. पैसे भरायचे नाहीत. काय करू?

गूगल १५ जीबी फुकट देतं, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. १ जून २०२१ पर्यंत थोडे लहान केलेले फोटो या हिशेबात धरले जात नव्हते, तेव्हापासून धरले जातात. ॲपलचं फुकट खातं ५ जीबीचं, ते तर चार दिवसांत भरतं.

निरोपाकडे दुर्लक्ष मात्र करू नका. गूगलची जागा संपली की बॅकअप थांबतो, आणि पुढे मेल येणं-जाणंही बंद होतं. परीक्षेचं हॉल तिकीट मेलवर येणार असेल तर हे महागात पडतं.

पैसे न भरता जागा करायची तर आधी ड्राइव्हच्या स्टोरेजच्या पानावर आकारानुसार यादी लावा. सगळ्यात वर एखाद-दुसरा भलामोठा व्हिडिओ किंवा कोणीतरी पाठवलेली फाइल निघते. ती गेली की बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. फोटोंचा दर्जा 'स्टोरेज सेव्हर' ठेवला तर फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत राहतात, व्हिडिओ १०८० पीपर्यंत. घरगुती फोटोंना हे पुरेसं आहे. व्यवसायाने फोटोग्राफर असाल तर मूळ दर्जाच ठेवा. बाकीचा माल पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर (प्रश्न ६).

आयपॅड बदलणार असाल तर एक फारशी कोणाला माहीत नसलेली सोय आहे. सेटिंग्ज, जनरल, 'ट्रान्सफर ऑर रिसेट आयपॅड' इथे नव्या आयपॅडची तयारी सुरू केली की तात्पुरत्या बॅकअपसाठी २१ दिवस लागेल तेवढी जागा फुकट मिळते.

६. क्लाउड नको. पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर कॉपी कशी करायची?

टॅबला टाइप-सी पोर्ट असेल तर ओटीजीचा (टॅबला पेनड्राइव्ह किंवा माउस लावता येतो तो) छोटा जोड किंवा दोन्ही बाजूंचा पेनड्राइव्ह घ्या. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. फॅट-३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जात नाही, आणि एनटीएफएस बरेच अँड्रॉइड टॅब वाचतच नाहीत. मग टॅबवरचं फाइल्स ॲप उघडा. कॅमेऱ्याचे फोटो 'डीसीआयएम' फोल्डरमध्ये असतात, उतरवलेल्या फायली 'डाउनलोड'मध्ये, कागदपत्रं 'डॉक्युमेंट्स'मध्ये. व्हॉट्सॲपची चित्रं 'अँड्रॉइड' फोल्डरच्या आत 'मीडिया'मध्ये दडलेली असतात.

'मूव्ह' किंवा 'कट' कधीही वापरू नका, 'कॉपी'च करा. मध्येच जोड निघाला तर अर्धवट हललेली फाइल दोन्हीकडून जाऊ शकते. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह नीट 'इजेक्ट' करून काढा.

कॉम्प्युटरला जोडल्यावर टॅब नुसताच चार्ज होतो, फोल्डर दिसत नाही, ही तक्रार नेहमीची. टॅबवर वरून पट्टी खाली ओढा, यूएसबीची सूचना दिसेल, त्यात 'फाइल ट्रान्सफर' निवडा. तरी दिसलं नाही तर केबल बदला. काही स्वस्त केबलांत डेटाच्या तारा नसतात.

पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात ठेवून द्यायची वस्तू नाही. वापराविना पडून राहिला तर त्यावरची माहिती हळूहळू खराब होऊ शकते. जपायच्या गोष्टी हार्डडिस्कवर ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. पुराचं पाणी शिरलं की टॅब आणि त्याच कपाटातली हार्डडिस्क एकत्रच भिजतात. चिपळूण, महाड, सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको.

७. घरी वायफाय नाही, रोजचा दीड जीबीचा पॅक आहे. तीस जीबी फोटो वर कसे चढवायचे?

सगळा पॅक त्यातच घातला तरी २० दिवस लागतील. त्यापेक्षा पहिल्यांदा सगळं पेनड्राइव्हवर घ्या, आणि क्लाउडवर पुढचे नवे फोटोच जाऊ द्या. गूगल फोटोजमध्ये मोबाइल डेटा वापरायची परवानगी देताना रोजची मर्यादाही ठरवता येते. कोणाकडे ब्रॉडबँड असेल आणि अपलोडचा वेग १० एमबीपीएस मिळत असेल, तर तेवढेच तीस जीबी सात तासांच्या आसपास चढतात. सुट्टीत भावाकडे मुंबईला जाल तेव्हा एका रात्रीत काम होतं.

८. फोटो मेमरी कार्डावर आहेत. टॅब रिसेट मारला तर ते राहतील का?

रिसेट म्हणजे टॅबवरचं सगळं पुसून तो नव्यासारखा करणं. कार्डावरचं राहील का, हे कार्ड कसं वापरलंय त्यावर आहे. नेहमीचं, म्हणजे 'पोर्टेबल' कार्ड असेल तर टॅबच्या रिसेटने सहसा त्याला हात लागत नाही. पण काही टॅबवर कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून फॉरमॅट करता येतं. तसं केलं असेल तर ते त्याच टॅबच्या किल्लीने एन्क्रिप्ट झालेलं असतं. रिसेटबरोबर किल्ली नष्ट होते आणि कार्ड दुसऱ्या कशातही वाचता येत नाही. सॅमसंगवर 'एन्क्रिप्ट एसडी कार्ड' चालू असेल तरी हाच परिणाम. ओळखायची खूण: कार्ड काढून कॉम्प्युटरच्या रीडरमध्ये घाला. फोटो उघडले तर ठीक. उघडले नाहीत तर कार्ड परत टॅबमध्ये घालून आधी सगळं कॉपी करा, मगच रिसेटचं नाव काढा. कसंही असलं तरी रिसेट मारताना कार्ड बाहेर काढून ठेवावं.

९. नवा टॅब घेतला. जुन्यावरचं सगळं यावर कसं आणू?

जुना टॅब चालू असेल तर क्लाउडपेक्षा थेट जोडणी बरी. नवा टॅब पहिल्यांदा सुरू करताना तो विचारतो, जुन्या डिव्हाइसवरून कॉपी करायचं का. हो म्हणा आणि केबल लावा. थेट जोडणीत प्रश्न २ मधली २५ एमबीची मर्यादा आड येत नाही, म्हणून जास्त माल येतो. नवा टॅब सॅमसंगचा असेल तर स्मार्ट स्विच वापरा. जुना कोणत्याही कंपनीचा चालतो. आयपॅड ते आयपॅड असेल तर दोन्ही शेजारी ठेवले की क्विक स्टार्ट आपणहून विचारतं.

जुना टॅब बंद पडलाय किंवा चोरीला गेलाय, तर नव्यावर त्याच गूगल अकाउंटने आत जा आणि बॅकअपची यादी आली की जुन्याचं नाव निवडा. इथे एक अडथळा येतो, तो आधीच सांगतो. टॅब जुन्या डिव्हाइसचा पिन किंवा पॅटर्न मागतो, कारण अँड्रॉइड ९ पासून बॅकअप त्याच पिनने कुलूपबंद केलेला असतो. जुना टॅब नदीत पडला असला तरी त्याचा पिन हवाच. माझं तर मत असं आहे की बॅकअपचं निम्मं काम क्लाउडवर होतं आणि निम्मं कागदाच्या चिठ्ठीवर. चिठ्ठीवर ईमेल, पासवर्ड आणि पिन लिहून ती रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. तज्ज्ञ मंडळी नाक मुरडतील, पण घरातल्या ज्येष्ठांसाठी याहून चांगला उपाय दिसत नाही.

१०. सेटअप करताना घाईत 'स्किप' दाबलं. आता रिस्टोअर कुठून करायचं?

नंबर, कॅलेंडर आणि फोटो यांची काळजी नको, अकाउंट जोडलं की ते येतात. ॲप्सचा डेटा आणि सेटिंग्ज हव्या असतील तर बहुतेक अँड्रॉइड टॅबवर आणि आयपॅडवर पुन्हा रिसेट मारून सुरुवातीपासून यावं लागतं. नव्या टॅबवर मधल्या दिवसांत काढलेले फोटो वगैरे असतील तर आधी ते बाजूला काढा.

११. रिस्टोअर केलं, पण बॅकअप यादीत दिसतच नाही किंवा निम्मी ॲप्स आली नाहीत.

यादीत न दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अँड्रॉइडची आवृत्ती. नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीच्या टॅबवर उतरत नाही. स्वस्तातला किंवा सेकंडहँड टॅब घेतला की हे हमखास घडतं. आधी तो टॅब अपडेट करा, मग रिसेट मारून पुन्हा बघा. आयपॅडचंही तसंच. दुसरं कारण, बॅकअप जुना होऊन पुसला गेला असेल (प्रश्न २०).

ॲप्स न येण्याचं कारण साधं आहे: ती प्ले स्टोअरवरून नव्याने उतरतात. जे ॲप कोणीतरी एपीके फाइल पाठवून टाकलं होतं ते येणार नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात शेअरइट, झेंडर, कॅमस्कॅनर आणि ईएस फाइल एक्सप्लोरर होती. जुन्या टॅबवर कॅमस्कॅनरमध्ये सातबारा आणि मार्कशीट स्कॅन करून ठेवल्या असतील, तर तो टॅब चालू आहे तोवरच त्यांच्या पीडीएफ बाहेर काढून ठेवा.

१२. व्हॉट्सॲपचे चॅट टॅबवरून जातील का?

टॅबवरचं व्हॉट्सॲप फोनला 'लिंक' केलेलं असेल (आयपॅडवर मे २०२५ मध्ये आलेलं ॲप असंच चालतं), तर खरा साठा फोनवर आहे. बॅकअपही फोनवरूनच घ्यायचा. नव्या टॅबवर पुन्हा क्यूआर कोड स्कॅन केला की काम झालं. फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर टॅब आपोआप लॉगआउट होतो. त्याचा बॅकअपशी संबंध नाही.

टॅबमध्ये सिम आहे आणि व्हॉट्सॲप त्यावरच चालतं, तर चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन गूगल अकाउंट जोडा. परत आणताना तोच नंबर आणि तेच गूगल अकाउंट लागतं. 'रिस्टोअर' हा प्रश्न ॲप टाकल्यावर एकदाच विचारला जातो. तो टाळलात तर ॲप काढून पुन्हा टाकावं लागतं. पूर्वी हा बॅकअप गूगलच्या १५ जीबीत धरला जात नसे, आता धरला जातो. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ बॅकअपमधून वगळण्याचं याहून चांगलं कारण नाही.

क्लाउडवर काहीच नसेल तरी अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप मागच्या सात दिवसांपर्यंतचे बॅकअप टॅबवरच ठेवतं. ॲप काढण्याआधी ते फोल्डर कॉपी करून ठेवा. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली जपा. ती हरवली तर व्हॉट्सॲपलाही तो बॅकअप उघडता येत नाही.

१३. पॅटर्न विसरलो. डेटा न घालवता लॉक काढता येईल का? दुकानदार 'होईल' म्हणतो.

नाही. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेल्या टॅबवर सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि त्याची किल्ली तुमच्या पिनशी बांधलेली असते. दुकानदार लॉक काढेल म्हणजे रिसेट मारेल. रिसेटनंतर 'सॉफ्टवेअरने फोटो परत काढून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. किल्ली नष्ट झालेली असते, उरतो तो अर्थहीन बिटांचा ढीग. रिसेट मारायच्या आधी दुसऱ्या डिव्हाइसवर त्याच अकाउंटने आत जाऊन क्लाउडवर काय काय आहे ते बघा. आणि घाई करू नका. दोन दिवसांनी बोटांना पॅटर्न आठवल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

१४. स्क्रीन फुटली, टच चालत नाही. आतला माल कसा काढू?

चित्र दिसतंय पण टच मेलाय, तर ओटीजीच्या जोडाने साधा यूएसबी माउस लावा. बाण येतो, लॉक उघडता येतं, आणि मग 'बॅकअप नाऊ' दाबता येतं. चित्रही दिसत नसेल तर काही महाग टॅब टाइप-सीमधून टीव्हीला जोडता येतात. आयपॅडने तुमच्या कॉम्प्युटरवर पूर्वी 'ट्रस्ट' केलेलं असेल तर तिथून बॅकअप घेण्याचा प्रयत्न करा. हे काहीच जमलं नाही तर डिस्प्ले बदलून घ्या, आणि दुकानात देताना रिसेट मारू नका असं पावतीवर लिहून घ्या.

१५. रिसेट मारल्यावर टॅब जुना ईमेल मागतो आणि पुढे जात नाही.

हे चोरीविरुद्धचं कुलूप आहे, अँड्रॉइड ५.१ पासूनचं. अकाउंट न काढता रिसेट मारला की आधीच्या गूगल अकाउंटची ओळख पटवावी लागते. पासवर्ड विसरला असाल तर दुसऱ्या फोनवरून अकाउंट रिकव्हर करा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर टॅब तो लगेच मान्य करेलच असं नाही, एक दिवस थांबून पुन्हा बघा. अकाउंट मिळतच नसेल तर खरेदीचं बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. आयपॅडवरचं ॲक्टिव्हेशन लॉकही मूळ बिल दाखवून ॲपलकडून काढून घेता येतं. यूट्यूबवरच्या बायपासच्या युक्त्यांच्या नादी लागू नका.

१६. आईचा टॅब पुण्यात, तिच्या अकाउंटचा ओटीपी येतो माझ्या न्यू जर्सीतल्या नंबरवर. रात्री-अपरात्री फोन येतात.

परदेशातून सेटअप करून दिलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात हीच गत असते. गूगल अकाउंटच्या सुरक्षेच्या पानावर 'बॅकअप कोड' मिळतात: आठ अंकी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून आईच्या चिठ्ठीबरोबर (प्रश्न ९) ठेवा. तिचा भारतातला नंबरही अकाउंटला जोडा. तुमचा काढायची गरज नाही. तुमचा नंबर बदलणार असेल तर आधी इथे बदला.

१७. अँड्रॉइड टॅब सोडून आयपॅड घेतोय. गूगलचा बॅकअप त्यावर उतरेल का?

बॅकअप म्हणून नाही. आयपॅड सुरू करतानाच 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप अँड्रॉइडवर टाकून जोडा. नंबर, फोटो, व्हिडिओ, कॅलेंडर, बुकमार्क येतात. पैसे देऊन घेतलेली ॲप्स पुन्हा घ्यावी लागतात. गूगल फोटोज आणि ड्राइव्ह तर आयपॅडवरही चालतात, त्यामुळे तिथला माल हलवायची गरजच नाही.

१८. टॅब संस्थेकडून मिळालाय (महाज्योती, शाळा, क्लास). माझ्या अकाउंटवर बॅकअप घेता येईल का?

संस्थेने टॅबवर नियंत्रण ठेवलं असेल तर बॅकअपचं बटण फिकट दिसतं आणि दाबलं जात नाही. ते तोडायचा प्रयत्न करू नका, टॅब लॉक होऊ शकतो. नोट्स पीडीएफ करून स्वतःला मेल करा. शाळेचं गूगल अकाउंट असेल तर शाळा सुटल्यावर ते कधीही बंद होऊ शकतं. त्याआधी 'टेकआउट' ही गूगलची आपला डेटा उतरवून घ्यायची सोय वापरून सगळा माल उतरवून घ्या. उतरवण्याची लिंक सात दिवसच चालते.

१९. बाबांच्या जुन्या लेखांच्या फायली टॅबवर आणल्या, पण उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल खराब झाली का?

फाइल धडधाकट आहे. ती श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये, युनिकोड (आज सगळ्या डिव्हाइसवर चालणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या पद्धतीने टाइप केलेली आहे, आणि टॅबवर तो फाँट नाही. ज्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसते तिथेच फाँटसह पीडीएफ करून घ्या, आणि जमल्यास कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदला. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतात, त्यामुळे वाचून तपासावं लागतं. मूळ फाइलही ठेवा. तो जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी हे काम उरका, नंतर फाँट शोधत फिरणं जिवावर येतं.

२०. टॅब वर्षभर कपाटात बंद होता. क्लाउडवरचा बॅकअप अजून असेल का?

ॲप्सचा अँड्रॉइड बॅकअप टॅब ५७ दिवस वापरला नाही की पुसला जातो. आयक्लाउड बॅकअप बंद केल्यापासून १८० दिवस राहतो. गूगल फोटोजमधले फोटो यात येत नाहीत, ते अकाउंटबरोबर राहतात. पण अकाउंट दोन वर्षं कोणीच उघडलं नाही तर गूगल ते सगळ्या मालासकट काढून टाकू शकतं. दिवंगत नातेवाइकाचं अकाउंट असेल तर हे विशेष लक्षात ठेवा आणि टेकआउट (प्रश्न १८) लवकर करा.

२१. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स रिस्टोअर केल्यावर चालतील का?

ॲप येईल, लॉगिन नाही. सिमची पडताळणी नव्याने करावी लागते. वायफायवाल्या, सिम नसलेल्या टॅबवर यूपीआय बहुधा चालतच नाही. कागदपत्रांसाठी डिजीलॉकर मात्र पुन्हा लॉगिन केलं की जसंच्या तसं मिळतं.

२२. बॅकअप खरंच नीट झालाय का, हे टॅब रिसेट न मारता कसं तपासायचं?

दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर इनकॉग्निटो खिडकी उघडा, आपल्या अकाउंटने आत जा. पासवर्ड आठवतोय का हे तिथेच कळतं. गूगल फोटोजमध्ये सगळ्यात जुना, मधला आणि कालचा असे फोटो उघडून डाउनलोड करा. ड्राइव्हमध्ये स्टोरेज, मग बॅकअप्स इथे टॅबचं नाव आणि तारीख बघा. पेनड्राइव्ह टॅबमध्ये न तपासता कॉम्प्युटरमध्ये घाला, आणि एखादा लांब व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत ओढून चालवा. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला व्यवस्थित चालते.

२३. टॅब विकायचाय. कोणता क्रम धरू?

बॅकअप घ्या, प्रश्न २२ प्रमाणे तपासा, व्हॉट्सॲप आणि बँकेच्या ॲप्समधून बाहेर पडा. मग सेटिंग्जमधून गूगल आणि सॅमसंग अकाउंट काढा. आयपॅडवर 'फाइंड माय' बंद करा. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. त्यानंतर सेटिंग्जमधूनच रिसेट मारा, बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून नको. बिल मात्र नव्या मालकाला द्या, प्रश्न १५ मधली वेळ त्याच्यावर आली तर सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्यांदा तेच मागतील.